स्टार्चच्या फिल्ममध्ये चिपाडाची भुकटी घातली, तरी ती फाटते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मक्याच्या स्टार्चची ४ टक्क्यांची खळ शिजवली, स्टार्चच्या वजनाच्या ३० टक्के ग्लिसरॉल घातले, तबकडीत ओतून वाळवले. फिल्म निघाली, पण कमजोर. म्हणून उसाचे चिपाड वाळवून, दळून, चाळून त्याची १० टक्के भुकटी खळीत मिसळली. ताकद वाढण्याऐवजी घटली. काही तबकड्यांत फिल्म वाळता वाळताच तडकली. जी नीट निघाली ती दोन आठवड्यांत कडक झाली आणि दमट दिवशी बोटाला चिकटू लागली. आता भुकटी आणखी बारीक करावी, की प्रमाण वाढवावे?

दोन्ही नको. भुकटीला हात लावण्याआधी नुसत्या स्टार्चची फिल्म ताब्यात आणा. मी बरीच वर्षे या कामात आहे. माझ्यापर्यंत येणाऱ्या बहुतेक तक्रारी चिपाडाच्या, तुसाच्या किंवा काडाच्या नावाने येतात आणि शेवटी खळीपाशी किंवा पाण्यापाशी जाऊन संपतात.

पाण्यापासूनच सुरुवात करू. कृती लिहिताना आपण तीन घटक लिहितो: स्टार्च, ग्लिसरॉल आणि भरण, म्हणजे बळकटीसाठी घातलेली भुकटी किंवा तंतू. चौथा लिहायचा राहतो, आणि फिल्मचा सगळा स्वभाव त्याच्याच हातात असतो. तो म्हणजे फिल्ममध्ये मुरलेले पाणी. पूर्ण कोरडा स्टार्च काचेसारख्या कडक अवस्थेतून मऊ अवस्थेत जायला २०० अंश सेल्सियसच्याही वरचे तापमान लागते, म्हणजे मऊ पडायच्या आधी तो करपायलाच लागतो. त्याच स्टार्चमध्ये वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे पाणी असले, तर हे तापमान खोलीच्या तापमानाच्या आसपास उतरते. ग्लिसरॉल हेच मऊ करण्याचे काम करते आणि वर हवेतून आणखी पाणी ओढून आणते. म्हणून एकच फिल्म कोरड्या दुपारी कागदासारखी कडकडते आणि पावसाची झड लागली की रबरासारखी लोंबते. तिच्यात आपण काहीच बदललेले नसते, हवा बदललेली असते.

यात मी स्वतः एक अख्खा हंगाम घालवला आहे. नुसत्या स्टार्चच्या पट्ट्या कोरड्या दिवसांत ओढून पाहिल्या आणि भरण घातलेल्या पट्ट्या पाऊस सुरू झाल्यावर. आकडे समोरासमोर मांडले तर भरणाने फिल्म कमजोर पण जास्त ताणणारी झालेली दिसत होती. त्यावर मी दोन पानांचे स्पष्टीकरणही लिहून काढले होते. नंतर दोन्ही नमुने एकाच डब्यात आठवडाभर ठेवून पुन्हा ओढले, तर निष्कर्ष उलटा निघाला. ती दोन पाने अजून वहीत आहेत. नवीन मुलांना दाखवायला बरी पडतात.

तेव्हा पहिले काम हे करा. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात तळाला मॅग्नेशियम नायट्रेटचे संपृक्त द्रावण ठेवा. ते २५ अंशांना आतली सापेक्ष आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवते. दमट हवेतले वागणे पाहायचे असेल तर दुसऱ्या डब्यात मिठाचे संपृक्त द्रावण ठेवा, तिथे ७५ टक्के मिळते. पट्ट्या जाळीवर पसरून किमान ४८ तास आणि त्यानंतरही वजन स्थिर होईपर्यंत आत राहू द्या. बाहेर काढल्यावर गप्पा मारत बसू नका. पातळ फिल्म दहा-पंधरा मिनिटांत खोलीच्या हवेशी जुळवून घेऊ लागते. पातळ फिल्म ओढून पाहण्यासाठी एएसटीएम डी८८२ ही प्रमाणित चाचणी-पद्धत सर्रास वापरतात. तिच्यातही नमुना ठरलेल्या आर्द्रतेवर मुरवून घ्यायला सांगितले आहे, फक्त तो परिच्छेद फार जण वाचत नाहीत.

आता खळ. मक्याच्या स्टार्चचे कण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगतात, हे पुस्तकात असते. त्यामुळे ७५ अंश झाले की खळ शिजली असे समजून पुष्कळ जण भांडे उतरवतात. पण कण फुगणे वेगळे आणि फुटून एकजीव होणे वेगळे. खळ ९० ते ९५ अंशांवर २० ते ३० मिनिटे, झाकण ठेवून, सतत ढवळत राहिली पाहिजे. सुरुवातीची दुधाळ पांढरी झाक जाऊन ती अर्धपारदर्शक होते. काचदांडी उचलली की टपटप न पडता तिची सलग धार लागते. डोळ्यावर भरवसा नसेल तर एक थेंब काचपट्टीवर घ्या, पातळ आयोडीन टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. नीट न शिजलेल्या खळीत गच्च निळे-जांभळे गोळे दिसतात. बरी शिजली असेल तर फिकट, सुरकुतलेली, रिकामी साले इकडेतिकडे तरंगताना दिसतात आणि सगळीकडे सारखा निळा रंग पसरलेला असतो. ते गच्च गोळे वाळल्यावर फिल्ममध्ये खड्यासारखे बसतात, आणि फाटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

शिजवताना पाणी उडते, ही साधी गोष्ट रोज फसवते. भांड्याचे वजन आधी आणि नंतर करा. जितके घटले तितके गरम पाणी परत घाला. नाहीतर ४ टक्क्यांची खळ कधी साडेचार होते कळत नाही, आणि जाडी बदलली की सगळे आकडे बदलतात. तबकडीतही मापाने ओतू नका, वजनाने ओता. ९ सेंटीमीटर व्यासाच्या तबकडीचे क्षेत्रफळ सुमारे ६३.६ चौरस सेंटीमीटर भरते. तीत ४ टक्क्यांची २५ ग्रॅम खळ ओतली, तर स्टार्च १ ग्रॅम आणि ग्लिसरॉल ०.३ ग्रॅम. घनता १.४ च्या आसपास धरली तर वाळल्यावर साधारण १५० मायक्रॉनची फिल्म मिळायला हवी. तुमची एका कडेला ९० आणि दुसऱ्या कडेला २०० भरत असेल, तर दोष चिपाडाचा नाही, टेबलाचा आहे. पाणसळ लावून बघा.

ग्लिसरॉलचे ३० टक्के ठीक आहे, पण टक्के कशाचे हे प्रत्येक वेळी लिहा. १०० ग्रॅम स्टार्च, ३० ग्रॅम ग्लिसरॉल आणि ५ ग्रॅम तंतू असतील, तर तंतू स्टार्चच्या हिशेबाने ५ टक्के आहेत आणि एकूण घन पदार्थाच्या हिशेबाने ३.७ टक्के. एक जण पहिला हिशेब धरतो, दुसरा दुसरा, आणि मग दोघे एकमेकांची फिल्म जमत नाही म्हणून भांडतात. आणखी एक बारकावा आहे. ग्लिसरॉल फार कमी ठेवले, समजा १० टक्क्यांच्या खाली, तर फिल्म मऊ होण्याऐवजी उलट जास्त ठिसूळ होते. थोडे ग्लिसरॉल स्टार्चच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमधल्या फटी भरते, पण साखळ्यांना सरकू देण्याइतके नसते. त्यामुळे चिकटपणा घालवायला ग्लिसरॉल एकदम खाली आणू नका. त्यापेक्षा त्यातले अर्धे काढून त्या जागी सॉर्बिटॉल घालून पाहा. ते हवेतले पाणी कमी ओढते. मात्र प्रमाण जास्त झाले तर पृष्ठभागावर त्याचे पांढरे स्फटिक येतात.

वाळवणे ४० अंशांवर, रात्रभर, हवा अंगावर न मारता. खळ तबकडीला चिकटलेली असते, त्यामुळे वाळताना ती आडवी आकसू शकत नाही, फक्त जाडीत आकसते आणि आडवा ताण आत साठत राहतो. पंख्याने वरचा थर आधी सुकला तर त्याची साय धरते, खालून पाणी अडते आणि हा ताण आणखी वाढतो. तडकलेली तबकडी फेकू नका, ती वाचता येते. चीर काठापासून आत आली असेल, तर काठावर चढलेला जाड भाग दोषी आहे. एखाद्या तपकिरी ठिपक्यातून चारी बाजूंना फुटली असेल तर तो ठिपका म्हणजे तुमच्या चिपाडाचा गोळा. कोळ्याच्या जाळ्यासारखी सगळीभर असेल तर फिल्म नको इतकी कोरडी झाली आहे किंवा ग्लिसरॉल कमी पडले आहे. आणि गरम ओव्हनमधून काढल्या काढल्या फिल्म सोलू नका. पाच-सहा तास ५० ते ६० टक्के आर्द्रतेत ठेवली की ती आपणहून सुटते.

एवढे जमले, म्हणजे नुसत्या स्टार्चच्या पाच तबकड्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले, की मग चिपाड. ५३ टक्के आर्द्रतेवर आणि ३० टक्के ग्लिसरॉलवर नुसत्या फिल्मचे ताणबल, म्हणजे तुटण्याआधी ती सोसते तो ताण, साधारण ३ ते ८ मेगापास्कलच्या टप्प्यात पडते. कमी घनतेच्या पॉलिथिनचे बहुधा १० ते २० असते आणि ती फिल्म मूळ लांबीच्या कित्येक पट ताणली जाते. हे अंतर डोक्यात ठेवूनच पुढे जा.

चिपाडाबद्दल पहिला प्रश्न: तुम्ही नेमके काय घातले? चिपाड म्हणजे एकजात तंतू नव्हे. उसाच्या सालीकडचे लांब, जाड भिंतीचे तंतू हा एक भाग. मधल्या गराचे भेंड हा दुसरा. भेंडाच्या पेशी पातळ भिंतीच्या, आखूड, स्पंजासारख्या पाणी पिणाऱ्या असतात, आणि चिपाडात त्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. कागद गिरण्या चिपाड शिजवण्याआधी हे भेंड झटकून काढतात, ते उगीच नाही. आता तुम्ही केलेली कृती आठवा. दळून सर्वांत बारीक चाळणीतून जे खाली पडले ते घेतले. दळताना भेंड पहिल्यांदा फुटते आणि तंतू चाळणीवर उरतात. म्हणजे बळकटीसाठी आणलेला तंतू तुम्ही वर टाकून दिला आणि स्पंज फिल्ममध्ये घातला. भुकटी आणखी बारीक करू नका म्हणालो ते यासाठी.

दुसरी गोष्ट लांबी आणि जाडीच्या गुणोत्तराची. तंतूने ताण अंगावर घ्यायचा तर दोन्ही बाजूंनी स्टार्चने त्याला पुरेशा लांबीवर धरून ठेवले पाहिजे, नाहीतर तो तुटण्याआधीच उपसून निघतो. हिशेब सोपा आहे: तंतूची ताकद भागिले चिकटण्याच्या ताकदीची दुप्पट. उदाहरणापुरते ३०० आणि ५ मेगापास्कल धरले, तर लांबी जाडीच्या किमान ३० पट हवी. चिपाडाची एकटी तंतुपेशी साधारण १ ते १.५ मिलिमीटर लांब आणि २० मायक्रॉनच्या आसपास रुंद असते, म्हणजे ५० पटींच्याही वर. निसर्गाने माप अगदी नेमके दिले आहे. पण दळलेल्या भुकटीतला कण ही एकटी पेशी नसते. तो लिग्निनने एकमेकींना चिकटलेल्या अनेक पेशींचा तुटका ओंडका असतो, १०० मायक्रॉन रुंद आणि जेमतेम ३०० लांब. असा कण भार घेत नाही, फक्त जागा अडवतो आणि त्याच्या टोकाशी चीर सुरू होते. तेव्हा तंतू कापायचा नाही, सोडवायचा आहे.

तिसरी गोष्ट तुमच्या फिल्मवरच दिसेल. ती उजेडात धरा, मग दोन्ही बाजूंवरून नखाने हलकेच चाचपा. वरची बाजू चकचकीत आणि फिकी, खालची खरखरीत आणि तपकिरी लागली, तर भुकटी तळाला बसली आहे. अशी फिल्म हवेत ठेवली की एकाच बाजूला वळते, कारण तिचे दोन थर पाणी वेगवेगळे पितात. याचा अंदाज कागदावरही येतो. १०० मायक्रॉनचा ओला कण पाण्यात सेकंदाला दोनेक मिलिमीटर वेगाने खाली जातो. पाण्याच्या हजारपट दाट खळीत हा वेग हजारपट घटतो, तरी ४ मिलिमीटरचा थर तो अर्ध्या तासाच्या आसपास पार करतो. आणि फिल्म वाळायला लागते रात्र. १० मायक्रॉनच्या कणाला हेच अंतर कापायला शंभरपट वेळ लागतो. म्हणून लोक म्हणतात बारीक करा, आणि त्यात तथ्य आहे. पण बारीक म्हणजे रुंदीने बारीक, लांबीने नव्हे.

तर तंतू सोडवायचे कसे? चिपाड आधी गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा. उरलेली साखर गेली पाहिजे, नाहीतर फिल्मच्या चिकटपणात तिची भर पडते आणि बुरशीलाही आयते खाद्य मिळते. वाळवून हलके कुटा, झटका, भेंड उडवून लावा. मग ५ टक्के कॉस्टिक सोड्यात, वजनाच्या वीसपट द्रावणात, ८० अंशांवर दोन तास ढवळत ठेवा. द्रावण चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे गडद होते. ते हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचा काही भाग बाहेर काढते. गाळा, धुवा, पुन्हा एकदा करा. हातमोजे आणि चष्मा विसरू नका, गरम सोडा डोळ्याला माफ करत नाही. पांढरा रंग हवा असेल तर पुढे अल्कलीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. सोडियम क्लोराइट काम जास्त नेटके करते, पण त्यातून क्लोरीन डायऑक्साइड वायू सुटतो. पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या कामात मला ते पटत नाही, आणि हवाबंद खोलीत ते धोक्याचेही आहे.

धुण्यात कंटाळा करू नका. एकदा घाईत मी फेनॉल्फ्थॅलिनचा, म्हणजे सोडा उरला असेल तर गुलाबी होणाऱ्या दर्शकाचा, थेंब न टाकताच तंतू पुढे दिले. फिल्म पिवळी आली, आठवडा झाला तरी ओलसर राहिली, आणि आम्ही तीन दिवस ग्लिसरॉलच्या बाटलीवर संशय घेत बसलो. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात थेंब टाकल्यावर गुलाबी छटाही उमटता कामा नये.

आणि सोड्यातून काढून धुतलेले तंतू वाळवू नका. या उत्तरातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. सेल्युलोजचे तंतू एकदा कडक वाळले की त्यांच्या भिंती आतल्या आत घट्ट चिकटतात आणि पाण्यात कितीही भिजवले तरी पूर्वीसारख्या उलगडत नाहीत. ते ओलेच, घट्ट डब्यात, थंड जागी ठेवा. थोडा नमुना वाळवून त्यात पाणी किती टक्के आहे ते काढा आणि वजनाचा हिशेब त्यावरून करा. वापरायच्या आदल्या रात्री खळीसाठीच्या पाण्यातला अर्धा वाटा त्यांना द्या. सकाळी जोरदार फिरणाऱ्या मिक्सरने गाठी मोडा. मग त्याच पाण्यात स्टार्च आणि ग्लिसरॉल घालून सगळे एकत्र शिजवा. तयार खळीत कोरडी भुकटी भुरभुरणे म्हणजे गाठींना आमंत्रण. बुडबुडे निर्वात पंपाखाली दहा मिनिटांत काढा. नुसते ठेवून बुडबुडे वर येण्याची वाट पाहिलीत, तर तेवढ्या वेळात तंतू खाली जातील. खळ थोडी निवून अंगाने दाट झाली की ओता, मात्र थिजू देऊ नका.

प्रमाण आधी २, ५ आणि ८ टक्के घेऊन बघा. सेल्युलोज आणि स्टार्च दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले, त्यामुळे ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी चांगले धरतात. पॉलिथिनमध्ये तंतू घालताना लागतो तसा जोडणारा वेगळा पदार्थ इथे लागत नाही, आणि या सगळ्या खटाटोपातली हीच खरी जमेची बाजू आहे. कुठेतरी ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान ताकद वाढायची थांबते आणि पुढे घसरते, कारण तंतू तंतूंनाच भेटू लागतात. लांबवण, म्हणजे तुटेपर्यंत फिल्म किती लांबते ते, मात्र पहिल्या टक्क्यापासूनच कमी होईल. ताकद वाढली आणि लांबवणही वाढली असा निकाल आला तर आधी आर्द्रता तपासा.

इतर अवशेषांबद्दल थोडेसे, कारण पुढचा प्रश्न तोच असेल. भाताच्या तुसात १५ ते २० टक्के सिलिका असते, तीही बाहेरच्या अंगाला, वर मेणाचा थर. स्टार्च त्याला नीट चिकटत नाही, आणि एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे स्क्रूने दाबून प्लास्टिक बाहेर काढणाऱ्या यंत्रात, घातले तर स्क्रू झिजवते. केळीच्या खोडाचे आणि अननसाच्या पानाचे तंतू उत्तम, सेल्युलोज भरपूर. नारळाचा काथ्या लिग्निनने इतका भरलेला की पातळ फिल्मसाठी त्याच्या मागे लागू नये. गव्हाचे काड चिपाडाच्याच वळणाचे, फक्त त्याच्या अंगावरही मेण आणि सिलिका थोडी जास्त. भुईमुगाच्या टरफलांची भुकटी रंगासाठी घाला, ताकदीसाठी नको.

नॅनोसेल्युलोजचे, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म कणांचे काय, असेही विचारले जाते. ६४ टक्के गंधकाम्लात ४५ अंशांवर पाऊण-एक तास ठेवून सेल्युलोजचे नॅनोस्फटिक काढण्याची रीत प्रयोगशाळांत रुळली आहे. गंधकाम्लाने सेल्युलोजचे कण सुटे करण्याचे काम बेंग्ट रॉनबी यांनी स्वीडनमध्ये १९४९ ते १९५१ च्या सुमारास केले होते. पॉलिमरला या स्फटिकांची बळकटी देण्याची लाट आली ती १९९५ मध्ये फाविए, शांझी आणि काव्हाये यांच्या कामानंतर. पण त्यांचा पॉलिमर स्टार्च नव्हता. स्टार्चमध्ये तेच करून पाहिले अँग्लेस आणि द्युफ्रेन यांनी, २००० आणि २००१ मध्ये. त्यांना जे दिसले ते मला आजही फार बोलके वाटते: ग्लिसरॉल आणि पाणी सेल्युलोजच्या पृष्ठभागापाशी जमा होत होते. म्हणजे ज्या सीमेवर पकड घट्ट हवी, तिथेच वंगण साठत होते, आणि बळकटी अपेक्षेपेक्षा खूप कमी मिळाली. तुमच्या मोठ्या तंतूंच्या बाबतीतही हे थोड्या प्रमाणात घडते. तंतू ग्लिसरॉल आपल्याकडे ओढून घेतात आणि उरलेला स्टार्च कोरडा पडतो. त्यावर उपाय म्हणून ग्लिसरॉल वाढवले तर ते पुन्हा सीमेवरच जाते. अशा वेळी ते न वाढवता तंतू एक-दोन टक्क्यांनी कमी करा. आम्लाच्या वाटेला तर सध्या जाऊच नका. ते आम्ल धुण्यात आणि निवळण्यातच निम्मे आठवडे जातात.

दोन आठवड्यांत कडक होण्याचे कारण राहिले. शिजवलेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा रांगेत बसू लागतात. सरळ साखळीचा अमायलोज काही तासांतच बसतो, फांद्या असलेला अमायलोपेक्टिन दिवस-आठवडे घेतो. क्ष-किरण चित्रात १७ अंशांच्या कोनाच्या आसपासचे शिखर वाढताना दिसते, तोच हा प्रकार. याच काळात ग्लिसरॉलही थोडे पृष्ठभागाकडे सरकते. पूर्ण थांबवणे शक्य नाही. म्हणून फिल्मचा कुठलाही आकडा तिच्या वयासकट सांगायचा: ३ दिवस, १४ दिवस, ३० दिवस. मी ३० दिवसांचाच आकडा खरा मानतो.

पाण्यापासून बचाव हा वेगळा आणि जास्त कठीण भाग. तंतूंनी थोडा फरक पडतो, कारण स्फटिकरूप सेल्युलोज स्टार्चपेक्षा कमी पाणी पितो. पण तंतू घालून फिल्म पावसात टिकेल अशी आशा धरू नका. सायट्रिक आम्ल स्टार्चच्या ५ ते १० टक्के घातले, तर साखळ्यांमध्ये पूल बांधता येतात. मात्र त्यासाठी वाळलेली फिल्म १०० अंशांच्या वर तापवावी लागते. तापवली नाही तर ते आम्ल नुसतेच फिल्म मऊ करते, आणि खळीतच जास्त वेळ उकळले तर स्टार्चच्या साखळ्या तोडते. पृष्ठभागावर मेणाचा किंवा लाखेचा हात दिला तर पाण्याची वाफ बरीच अडते, पण फिल्म दुमडली की तो थर तडकतो. बाजारात स्टार्चच्या म्हणून मिळणाऱ्या, पाण्यात टिकणाऱ्या पिशव्या नुसत्या स्टार्चच्या नसतात. इटलीच्या नोव्हामोंट कंपनीचे मेटर-बी घ्या किंवा पीबीएटी नावाचे पॉलिएस्टर घातलेली इतर मिश्रणे घ्या, त्यांत पाण्याला तोंड देतो तो जैवविघटनशील पॉलिएस्टर. तेव्हा तुमची फिल्म पॉलिथिनच्या पिशवीशी तोलू नका. कोरड्या वस्तूंचे आतले अस्तर, रोपाची पिशवी, मातीवर अंथरायचे काही आठवड्यांचे आच्छादन, पाण्यात विरघळायचीच असलेली पुडी, अशा ठिकाणी तिचा हाच दोष उपयोगी पडतो.

विघटनाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण अहवालात तुम्ही ते लिहिणारच. फिल्म मातीत पुरून वीस दिवसांनी वजन करायचे आणि ६० टक्के घटले म्हणून ६० टक्के जैवविघटन झाले असे लिहायचे, ही चूक फार बोकाळली आहे. ग्लिसरॉल आणि सैल स्टार्च पहिल्याच ओलाव्यात विरघळून मातीत उतरतात. वजन घटते, पण त्यांना अजून कुणी खाल्लेले नसते. शंका असेल तर तीच फिल्म निर्जंतुक केलेल्या ओल्या वाळूत पुरून बघा, तिथेही वजन घटलेले दिसेल. खरे मोजमाप सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचे. आयएसओ १४८५५ या आंतरराष्ट्रीय मानकात ते ५८ अंशांच्या कंपोस्टात करतात, आणि ईएन १३४३२ या युरोपीय मानकाप्रमाणे सहा महिन्यांत ९० टक्के कार्बन वायुरूपाने बाहेर पडावा लागतो. शिवाय १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त उरता कामा नये. कंपोस्टच्या ढिगातले ५८ अंश आणि शेताच्या बांधावरची थंड माती यांत फार अंतर आहे. चिपाडातला लिग्निन तर या सगळ्यात शेवटपर्यंत मागे राहतो. मोजणीची साधने नसतील तर "मातीत वजन घटले" एवढेच लिहा, ते खरे असेल.

आता या आठवड्यासाठी: नुसत्या स्टार्चच्या पाच तबकड्या, धुतलेल्या पण न वाळवलेल्या तंतूंच्या ५ टक्क्यांच्या पाच, आणि तुमच्या जुन्या भुकटीच्या ५ टक्क्यांच्या पाच. एकाच दिवशी, एकाच स्टार्चपासून सारख्याच कृतीने शिजवलेल्या तीन खळींपासून ओता. भुकटी आणि तंतू आधी पाण्यात मिक्सरने मोकळे करून स्टार्चबरोबरच शिजवा, आणि शिजवण्याचा व ढवळण्याचा वेळ तिन्ही खळींना सारखाच ठेवा. सगळ्या ५३ टक्क्यांच्या डब्यात ठेवा. प्रत्येक पट्टीची जाडी पाच ठिकाणी मोजा. प्रत्येक तबकडीच्या निम्म्या पट्ट्या ३ दिवसांनी ओढा, उरलेल्या ३० दिवसांनी. पट्टी तुटली की तुटलेली कड भिंगाखाली धरा. कडेतून तंतूंची मोकळी टोके उभी दिसली तर तंतू उपसून निघाले आहेत आणि पकड कमी पडते आहे. टोके कडेशी सपाट तुटलेली दिसली तर तंतूंनी भार घेतला आहे, मग ८ टक्क्यांकडे जायला हरकत नाही.